कपाळावरच्या तीन आठ्या

(शरीर नव्याने घडवून देणाऱ्या क्लिनिकमधली सल्लागार बाईंची खोली. काकू खिडकीजवळच्या बाकावर.)

सल्लागार : घालवायच्या नाहीत? मग काय करायचंय?

काका : परत आणायच्यात. आडव्या तीन. पाच आठवड्यांपूर्वी इथेच पुसल्यात तुम्ही, सुया टोचून.

सल्लागार : सर, आठ्या मागायला इथे अजून कुणी आलेलं नाही.

काका : सर नको, काका म्हणा.

सल्लागार : बंदी आहे. पेशंटचं वय काढायचं नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलंय आम्हाला. आणि डोक्याचं हे काय केलंत? तुमचंच रक्त काढून, यंत्रात घुसळून डॉक्टरांनी टाळूत भरलं होतं. काय सुंदर लव धरली होती!

काका : सकाळी न्हाव्याकडून उतरवली. ते माझ्या हातात होतं. कपाळाचं तुमच्या हातात आहे.

सल्लागार : पण मुळात केलंत कशाला?

काका : ही एकेक माणूस विसरत गेली. आधी बहीण, मग पोटची मुलगी. मी तेवढा उरलो होतो. मग दिवसभर आमच्या लग्नाचा फोटो घेऊन बसायला लागली. म्हटलं, ही गेली तिकडे मागे; आपणही जरा तरुण होऊन तिथेच उभं राहावं, चुकामूक नको.

सल्लागार : मग?

काका : चार-पाच दिवसांत आठ्या गेल्या. मग बाहेरून घरी आलो, तर दारातच म्हणाली, हे घरी नाहीत, नंतर या. तेव्हापासून मी नंतर येतोय.

सल्लागार : अरेरे.

काका : रोज सकाळी या आठ्यांवरून बोट फिरवायची, मग म्हणायची, उठा. फोटो नुसता बघायला होता. ओळख इथे होती, हे मला कुठलं कळायला!

सल्लागार : काकूंसाठी आमच्याकडे प्राणवायूची पेटी आहे. तासभर आत पडून राहायचं. शिवाय शिरेतून जीवनसत्त्वं देतो.

काका : त्यानं ती मला ओळखेल?

सल्लागार : चेहरा उजळेल.

काका : तिचा चांगला आहे. माझा बिघडवून द्या.

सल्लागार : उलटी सुई नसते हो. डॉक्टर म्हणतात, औषध आपोआप उतरेल, तीन-चार महिन्यांत.

काका : तोवर तिच्या डोक्यात मी राहीन?

सल्लागार : ते... ते नाही सांगता येणार, काका. बसा जरा. पाणी मागवते.

काका : बसतो तिच्याजवळ.

काकू : अहो, तिथे नका बसू. जागा धरलीय.

काका : कुणासाठी?

काकू : आमच्या ह्यांच्यासाठी. येतीलच इतक्यात. कुठे रेंगाळलेत कोण जाणे, मला एकटीला बसवून.

काका : ते येईपर्यंत बसू?

काकू : बसा. पण ते आले की उठाल ना?

काका : लगेच उठेन.