शंभरातले पाच

मुलगी – थांबा डॉक्टर, आधी ते दार लोटून घ्या. बाबा आत यायच्या आधी मला एक विचारायचंय.

डॉक्टर – ते इतक्यात नाही यायचे. सहा मिनिटं चालायचंय त्यांना, पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सिस्टर आहेत सोबत, फेऱ्या मोजायला. बोला ना, ताई.

मुलगी – त्यांनी फाईल मागितली, तर द्याल तुम्ही?

डॉक्टर – त्यांचीच फाईल आहे. द्यावीच लागेल.

मुलगी – तिच्यात माझा कागद आहे. व्हेंटिलेटर लावू नका म्हणून सही केलेला. तेवढा एक काढून नाही का ठेवता येणार?

डॉक्टर – ताई...

मुलगी – नाहीतर सांगा, निर्णय तुमचाच होता म्हणून. तुमच्यावर नाही रागवायचे ते. आम्ही दोघंच आहोत हो घरात. दोन महिने झाले न्यूमोनियातून उठून आले त्याला. मी ताट वाढते, त्यांच्यापुढे ठेवते आणि आत पळते. नंतर ओट्याशी उभी राहून जेवते. ज्या बापाला जाऊ द्या म्हणून लिहून दिलं, तोच बाहेरून मीठ मागतो आणि मी खाली मान घालून वाटी ठेवून येते.

डॉक्टर – जाऊ द्या असं नव्हतं लिहिलंत. आणखी त्रास देऊ नका, असं लिहिलं होतं.

मुलगी – एकच ते! तुम्ही म्हणालात, अशा अवस्थेत शंभरातले पाच वाचतात. पाच! मी म्हटलं, जायचेच असतील तर घशात नळी आणि हात बांधलेले, असे नकोत जायला.

डॉक्टर – तो आकडा चुकीचा होता.

मुलगी – ते दिसतंच आहे की. त्या पाचांत बसले. नशीब आमचं.

डॉक्टर – नशीब नाही, ताई. मी चुकलो होतो. वय, श्वास, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू, सगळ्याला आम्ही गुण देतो आणि बेरजेवरून सांगतो शंभरातले किती. प्राणवायूसाठी मनगटातून रक्त घेतात, धमनीतलं. बाबांनी हात हलवला, सुई शिरेत गेली. शिरेतल्या रक्तात प्राणवायू कमीच असतो, तुमच्या-माझ्यासुद्धा. आत्ता फेऱ्या मोजतायत त्याच सिस्टर म्हणाल्या, रक्त काळपट दिसतंय, बोटावरचा चिमटा तर बरा आकडा दाखवतोय, परत घेऊ या का? मी म्हणालो, वेळ नाही.

मुलगी – मग खरा आकडा किती होता?

डॉक्टर – पन्नास. पंचावन्नही असेल.

मुलगी – निम्मे! निम्मे वाचतात, आणि तुम्ही मला... कधी कळलं तुम्हाला हे?

डॉक्टर – त्याच दुपारी. दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा.

मुलगी – आणि गप्प बसलात.

डॉक्टर – बाबा मास्कवरच सुधारायला लागले होते. म्हटलं, आता कशाला उगाच. पण तुमचा कागद तसाच राहिला फाईलमध्ये. ते पुन्हा बिघडले असते, तर त्याच कागदाकडे बघून कुणी मशीन लावलं नसतं. घरी जायच्या दिवशी तुम्ही हात जोडलेत, देवासारखे धावून आलात म्हणालात. तेही मी ऐकून घेतलं. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. तेव्हापासून त्यांच्याशी कामापुरतं बोलतो.

मुलगी – माझे बाबा पस्तीस वर्षं वजनकाट्यावर होते. ट्रक तोलायचे. काटा थरथरत असला की मागे केवढीही रांग लागू दे, ड्रायव्हर कितीही शिव्या घालू देत, तोंडातून आकडा काढायचे नाहीत. त्या माणसाचं तुम्ही...

डॉक्टर – बोला. मला ऐकायलाच हवं.

मुलगी – काय बोलू? तुमच्यावर ओरडले म्हणून माझी सही पुसली जाणार आहे का? खरा आकडा सांगितला असतात, तर मी नळीला हो म्हटलं असतं. मग काय झालं असतं?

डॉक्टर – माहीत नाही.

मुलगी – हे तेव्हा का नाही म्हणालात?

(दार उघडतं. बाबा धापा टाकत येऊन खुर्चीत बसतात.)

बाबा – नऊ फेऱ्या! सिस्टर आठच म्हणतात. मी म्हटलं, बाई, पाय माझे आहेत, हिशोब माझा धरा.

डॉक्टर – जरा दम खा, बाबा. मला तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही आयसीयूत होतात, तेव्हा मी ताईंना एक आकडा...

बाबा – शंभरातले पाच.

मुलगी – बाबा!

बाबा – मधे पडदा होता, भिंत नव्हती. आणि मास्क तोंडावर होता, कानांवर नव्हता.

डॉक्टर – तो आकडा चुकला होता. काटा थांबायच्या आत बोललो मी.

बाबा – परत घेऊ या, असं त्या बाई म्हणत होत्या. तेही ऐकलंय मी. त्या बाहेरच उभ्या आहेत. माझं राहू द्या, आधी त्यांच्याशी बोला.

मुलगी – आणि मी सही केली, ते?

बाबा – पेन उठत नव्हतं तुझं, दोनदा झटकलंस, तेही ऐकू आलं. सहीचं काही नाही गं, मलासुद्धा नकोच होती ती नळी.

मुलगी – मग इतके दिवस एका शब्दानं बोलला नाहीत?

बाबा – बोलायला तू थांबतेस कुठं? ताट ठेवलं की पाठ फिरवतेस. मला वाटलं, हिनं मनाची सगळी तयारी केली होती, आणि म्हातारा परत येऊन बसला उरावर.

मुलगी – असं नका हो बोलू. मी तर तोंड लपवत होते तुमच्यापासून.

बाबा – मी तरी कुठं विचारलं? नुसतं मीठ मागत बसलो.

मुलगी – मीठ कमी नसायचं?

बाबा – कधीच नाही. तू बाहेर येशील म्हणून मागायचो. चल आता. घरी गेल्यावर दोन ताटं वाढ.