देवीचा डावा डोळा

मंडळी, आधी मला एक सांगा. देवाचं काम करणाऱ्यानं मोल मागावं की मागू नये? — ते खांबाजवळचे काका मान हलवतात, मागू नये. काका, तुमचं दुकान कशाचं? उदबत्त्यांचं! मग देवाची उदबत्ती फुकट देता का हो? — हसू नका, हसू नका. ऐका!

एका गावात गोजराबाई नावाची कुंभारीण राहायची. नवरा लक्ष्मण गणपती घडवायचा आणि ही आखणी करायची. आखणी म्हणजे काय? मूर्ती तयार, रंग झाले, मुकुट झाला — पण डोळे कोरे! ते डोळे शेवटी बारीक कुंचल्यानं काढायचे, ती आखणी. तोवर नुसती माती. डोळे उघडले की देव! आणि बाईचा हात असा, की तुम्ही खोलीत कुठंही उभे राहा, मूर्ती तुमच्याकडंच बघणार.

पण एक खोड होती. कुणी विचारलं, "बाई, काय द्यायचं?" की मान खाली घालून म्हणायची, "द्याल ते." झालं! अहो, असं म्हटल्यावर लोक काय देतात? तुम्ही काय दिलं असतंत? — राहू द्या, देवळात खोटं बोलावं लागेल!

तर एका वर्षी गावानं देवीचा नवा लाकडी मुखवटा करून आणला. पालखी चार दिवसांवर आलेली. उत्सवाचे पुढारी दौलतअण्णा मुखवटा घेऊन कुंभाराच्या ओसरीवर हजर!

"गोजरा, देवीचे डोळे तूच आखायचे. पाचशे रुपये आणि साडीचोळी. देवीची सेवा समज."

"अण्णा, मांडववाल्याला काय दिलंत?"

"त्याचा दर ठरलेला असतो बाई."

"आणि बँडवाले?"

"ते आगाऊ घेतल्याशिवाय पिपाणीला तोंड लावत नाहीत!"

"मग सेवा माझ्या एकटीच्याच वाट्याला होय?"

अण्णा तापले. "अगं, दोन रेघा तर मारायच्या! एवढं जड जात असेल तर गावाचे सगळे गणपतीसुद्धा यंदा शहरातून आणतो!"

मंडळी, ही धमकी साधी नव्हती. गावासाठी घडवलेल्या चाळीस मूर्ती आत शेडमध्ये उभ्या होत्या. वर्षाची भाकरी होती ती! लक्ष्मण कानाशी लागला, "अगं, हो म्हण ना. कशाला वाकडं घेतेस?" पण बाईच्या मनात एकच आलं — माझ्या हाताला दोन रेघा म्हणायला ह्यांना शिकवलं कुणी? मीच! वीस वर्षं मान खाली घालून मीच शिकवलं!

तिनं मान वर केली. "बरं अण्णा. पाचशेत उजवा डोळा देते."

"म्हणजे?"

"उजवा सोपा असतो, कुणालाही येतो. खरं काम डाव्याचं. तो उजव्याशी जुळला नाही, तर देव तिरळा! ते जुळवण्यात माझी वीस वर्षं गेली. तेवढा डावा तुम्ही काढा — सेवा म्हणून!"

आणि एक कोरं मातीचं तोंड पुढं ठेवून, त्याचा उजवा डोळा स्वतः आखून, कुंचला दिला की अण्णांच्या हातात! अण्णांनी दम धरला, जीभ बाहेर काढली, आणि डावा डोळा काढला — तो थेट कानाला जाऊन टेकला! लक्ष्मणाला हसू आवरेना. अण्णांनी कुंचला फेकला, मुखवटा काखेत मारला आणि निघाले. "गणपती विसरा आता!"

"अगं, हाक मार त्यांना!" नवरा म्हणाला. बाई उंबऱ्यापर्यंत गेली... आणि थांबली. हाक मारली नाही. भीती वाटत नव्हती का? वाटत होती! दोन दिवस घास गोड लागला नाही. पण हाक मारली नाही!

तिसऱ्या दिवशी अण्णा परत. चेहरा उतरलेला. तालुक्याचा पेंटर म्हणाला, देवीच्या डोळ्याला मी हात लावणार नाही. पुजारी म्हणाला, आंधळी देवी पालखीत बसवणार नाही.

"बोल बाई, काय घेशील?"

सवयीचे ते दोन शब्द ओठांवर आले, मंडळी! तिनं ते गिळले. "पाच हजार. आधी."

"थोडं कमी —"

"नाही."

अण्णांनी मोजले! आणि पालखीच्या दिवशी देवीनं डोळे उघडून गावाकडं पाहिलं, तेव्हा पहिले हात जोडले ते अण्णांनीच.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही हं. अण्णांनी गणपती शहरातूनच आणले. तिला चाळीस मूर्ती गाडीत घालून परगावच्या बाजारात बसावं लागलं. पण बसली, आणि प्रत्येक मूर्तीचा भाव स्वतःच्या तोंडानं सांगितला!

आता तुमच्याकडं वळतो. ह्या देवळाच्या दारात केवढी रांगोळी आहे! येताना सगळ्यांनी फोटो काढले. सुनंदाबाई पहाटेपासून कंबर मोडून बसल्या होत्या तिथं. माझी बिदागी महिन्यापूर्वी ठरली, मांडवाची ठरली, प्रसादाच्या आचाऱ्याची ठरली. त्यांची? — अध्यक्ष, इकडं बघा, खाली बघू नका! त्यांना काही विचारलंत?

मग आत्ता विचारा. त्या तिथं बायकांत बसल्या आहेत. उठा, सगळ्यांसमोर विचारा. तोवर आरती नाही, भजन नाही. ही चिपळी मी खाली ठेवली!