तिकीट नंबर ४१७

बाबांना तुम्ही गरीब स्वभावाचा माणूस समजता ना, मग हे ऐका. करी रोडला बाबा ज्या कापड गिरणीत कामाला होते, तिथे आता मॉल झालाय. त्याच मॉलमध्ये मी कागदी टॅग बनवायच्या क्लासला निघाले आणि बाबांनाही बळेच घेऊन गेले. ब्याऐंशीच्या गिरणी संपानंतर पहिल्यांदाच ते त्या फाटकातून आत आले.

शिकवणाऱ्या मुलीने साच्याने कापलेले टॅग, रंगीत शाया, रबरी शिक्के मांडले. बाबांना म्हणाली, "काका, घाबरू नका. पहिला शिक्का सगळ्यांचाच बिघडतो."

तिला काय माहीत, हा माणूस फोल्डिंग खात्यात दिवसभर कापडाच्या ताग्यांवर शिक्के मारायचा. बाबांनी शिक्का शाईवर टेकवला, तोंडाची वाफ दिली आणि वीस टॅगवर ठकाठक उमटवत गेले. एकही वाकडा नाही, एकही पुसट नाही. फक्त सगळे पार कडेला.

"काका, मधोमध मारायचा होता."

"मधोमध मारला तर कापड वाया जातं, पोरी. शिक्का काठालाच."

तिने ते टॅग एकावर एक ठेवून पंख्यासारखे पसरले. सगळे शिक्के एका ओळीत. बाकीच्या बायका आपलं काम सोडून बघायला उठल्या, आणि मी फोटो काढत सुटले.

"आता मागे बनवणाऱ्याचं नाव लिहा," ती म्हणाली.

बाबांनी लिहिलं, "४१७, फोल्डिंग."

"काका, हा तर नंबर झाला."

"माझा गिरणीतला तिकीट नंबर," बाबा पेनाला टोपण लावत म्हणाले. "मी संपावर गेलो होतो. राजीनामा कुठे दिलाय?"