आंबूस वासाची गोळी

“‘आधी जुनं संपवा, मग नवं काढा.’ सासूबाईंचा आवाज अजून कानात आहे माझ्या.”

दवाखान्याच्या बाकावर सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंप्याने मान वळवली. बोलणारी आजी शेजारीच मांडीवर सुट्या गोळ्यांची डबी घेऊन बसली होती. दूरच्या कॉलेजच्या वसतिगृहासाठी तब्येतीचा दाखला घ्यायला आलेली नात त्याच गोळ्यांवर रसायनशास्त्राची उजळणी करत होती.

“आजी, ही पॅरासिटामॉल. बेंझिनच्या कड्याला एकीकडे हायड्रॉक्सिल गट, समोर अमाइड.”

“एकीकडे माहेर, एकीकडे सासर. पुढची?”

“आयबुप्रोफेन. कार्बोक्सिलिक आम्लाचा एकच गट, बाकी नुसता कार्बन आणि हायड्रोजन.”

“एक कमावता, बाकी सगळे खाणारे. आपलंच घर की गं.”

शिंप्याला हसू आलं आणि लगेच दाढेतून कळ गेली.

“ही ॲस्पिरिन. हिच्यात आम्ल आणि एस्टर. पण हिला आंबूस वास का येतोय?”

“मुरली असेल.”

“आजी, ते लोणचं नाही. ओल लागून एस्टर तुटलाय, त्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतंय. फेकून दे.”

“फेकायला काय झालं? जुनी म्हणून रोज तीच आधी घेते.”

“रोज? कशासाठी?”

“डोकं दुखतं कधीमधी.”

“रोज की कधीमधी?”

आजीने डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. शिंप्याने गालावरचा हात काढला.

“गुडघा गं. जिना उतरताना जीव जातो. आधी बोलले असते, तर तू हा दाखला घ्यायला आलीच नसतीस.”