काळ्या पट्ट्या नकोत म्हणून

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय रंगनाथराव, संस्थेचे कार्यवाह यादवराव, मुख्याध्यापिका तृप्तीताई, आज आपण ज्यांना निरोप देतोय त्या मैना बोरस्ते मॅडम, समोर बसलेले पालक आणि शिक्षक, आणि पहिल्या तीन रांगांमधली मुलं, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी केरू नाठे. अंबडला माझा स्टुडिओ आहे, लग्नाची शूटिंग करतो. आपल्या या कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी मैना मॅडमचे दोनशे बारा पाठ मी शूट केले. मॅडम स्वतः जन्मापासून ऐकू शकत नाहीत, म्हणून मी बोलतोय ते शेजारी उभ्या असलेल्या योगिनीताई त्यांना आणि मुलांना खुणांच्या भाषेत सांगतायत. योगिनीताई, तुम्हाला एक विनंती. मी आज तापलेला आहे. मी चिडून बोललो तर चिडलेलंच सांगा, गोड करू नका.

आत्ता मानपत्र वाचलं गेलं. फार सुंदर आहे. 'आपल्या बोलक्या हातांनी आपण पिढ्या घडवल्या.' खाली अध्यक्षांची सही. आता मी विचारतो, अध्यक्ष महाराज, गेल्या नोव्हेंबरात संस्थेच्या शैक्षणिक समितीनं एक अहवाल दिला, त्यात काय लिहिलंय? 'मैना बोरस्ते यांच्या पाठांतील खुणा अस्पष्ट असून लहान मुलांना त्या समजत नाहीत.' त्याच्याखालीही तुमचीच सही. यातला कुठला कागद मॅडमनी घरी न्यायचा?

साहेब, हात करून थांबवू नका. तुम्ही 'दोन शब्द बोला' म्हणालात, मी बोलतोय.

पहिल्या पाठाच्या दिवशीची गोष्ट सांगतो. बावीस वर्षं झाली. मी आपला लग्नवाला माणूस. नवरीचा चेहरा भरून घ्यायचा, गिऱ्हाईक खूश. तसाच मॅडमचा चेहरा घेतला. मॅडम कॅमेऱ्यामागे आल्या, काचेतून पाहिलं आणि मला दंडाला धरून चार पावलं मागं नेलं. मग फळ्यावर लिहिलं, 'मी डोक्यापासून कमरेपर्यंत बोलते.' मी ते वाचून हसलो, म्हटलं, बाई फटकळ आहेत. पण त्या दिवसापासून तेच माप ठेवलं. डोक्यावर चार बोटं जागा, खाली बरोबर कंबर, कारण मॅडमचे हात पोटाशी चालत. तेव्हाचा टीव्ही जवळजवळ चौकोनी, रुंदी चार तर उंची तीन. त्यात मॅडम बरोबर मावत.

दोन वर्षांपूर्वी एका देणगीदारांनी शाळेला दहा नवे टीव्ही दिले. चांगली गोष्ट केली, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. नवा टीव्ही रुंद, सोळाला नऊ. जुना पाठ त्यावर लावला की मध्ये मॅडम आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. हे असंच दिसतं आणि असंच दिसायला हवं. पण उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी सहज विचारलं, 'टीव्ही अर्धवट का चालतोय?' झालं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं.

मी कार्यालयात बसून समजावलं. म्हटलं, तीनच रस्ते आहेत. पट्ट्या राहू द्या. नाहीतर चित्र आडवं ताणा, पण मग मॅडम जाड दिसतील आणि त्यांनी हातानं गोल काढला तर तो अंडं दिसेल. नाहीतर चित्र मोठं करून वरचं-खालचं कापा. पाव भाग जाईल. यादवराव, तुम्ही तेव्हा काय म्हणालात? 'ताणलेलं बरं नाही दिसत, माणसं हसतील. कापा. पण मॅडमचं डोकं कापू नका, तो अपमान होईल.'

अपमानाची केवढी काळजी. डोकं राखायचं म्हणून तो सगळा पाव भाग खालून गेला.

आणि कापला कोणी? मी. याच हातांनी. फळ्यावरचं ते वाक्य मला पाठ होतं, तरी मी कापला. लग्नसराई चालू होती. एका पाठावर माप ठरवलं, तेच बाकीच्या दोनशे अकरा पाठांना लावलं, कॉम्प्युटर चालू ठेवला आणि सिन्नरला एका लग्नाला निघून गेलो. परत येऊन चेहरे तेवढे पाहिले. चेहरे झकास होते.

आणि वर्गातल्या गुरुजनांनो, तुमचंही सांगतो. टीव्ही लावायचा आणि वह्या तपासत बसायचं, याला काय म्हणायचं? दीड वर्षात एकानंही मान वर करून पाहिलं नाही की बाईंचे हात कुठायत? मॅडम वरच्या वर्गाला शिकवतात आणि स्वतःचे पाठ त्या कधीच बघत नाहीत. बघणार होतात ते तुम्ही.

तिकडे दुसऱ्या रांगेत निळ्या फ्रॉकमध्ये वेदिका बसलीय. सुरगाण्याकडची पोर. गेल्या वर्षी जूनमध्ये वसतिगृहात आली. घरी सगळे ऐकणारे, बोलणारे. तिच्याशी बोलायला भाषाच नव्हती घरात. आयुष्यातली पहिली भाषा तिला मिळाली ती त्या टीव्हीवरून. डिसेंबरात मी स्नेहसंमेलनाच्या शूटिंगला आलो तेव्हा ही माझ्यासमोर येऊन काहीतरी सांगू लागली. खांदे हलवत होती, कोपरं वर-खाली करत होती, आणि मुठी पोटाशी घट्ट आवळलेल्या. मला वाटलं, खेळतेय. शेजारची दोघंही तशीच कोपरं हलवायला लागली आणि एकमेकांकडे बघायला लागली, आता हा माणूस उत्तर देईल म्हणून. मी वर्गात जाऊन टीव्ही लावला. पडद्यावर मॅडमचा चेहरा, खांदे, कोपरं. हात पडद्याच्या खाली.

पोरांनी चूक केली नव्हती हो. जेवढं दाखवलं तेवढं तंतोतंत शिकली होती.

मी त्याच आठवड्यात यादवरावांकडे गेलो. सगळं सांगितलं, समितीनं पाहिले ते कापलेलेच पाठ होते हेही. म्हटलं, जुन्या टेप माझ्याकडं आहेत, परत करून देतो, फक्त तो अहवाल मागं घ्या. तुम्ही म्हणालात, 'केरूभाऊ, अहवाल नोंदला गेलाय. मॅडमची निवृत्ती तशीही आलीय. कशाला उकरायचं?' आणि मी घरी गेलो. चूक माझी होती ना. मला लाज वाटली, गप्प बसणं सोयीचं पडलं.

इकडं मॅडमनी तो अहवाल खरा मानला. निवृत्तीनंतरही संस्था त्यांना वरच्या वर्गासाठी आणखी दोन वर्षं ठेवणार होती. त्यांनी जूनमध्ये स्वतः अर्ज देऊन नाही म्हटलं. अर्जात लिहिलं, 'माझे हात आता स्पष्ट बोलत नाहीत. मुलांचं नुकसान नको.' सायखेड्याला घरी त्या रोज सकाळी गरम पाण्यात बोटं शेकत होत्या, त्यांच्या भावानं मला सांगितलं. ठणठणीत बोटं. आज या शाली, हे श्रीफळ, हे फोटो, आणि ही बाई स्वतःला निकामी समजून घरी चाललीय, आणि व्यासपीठावर दोन माणसांना माहितीय की हे खोटं आहे. त्यातला एक मी.

तृप्तीताई, हा डबा घ्या. यात दोनशे बारा पाठ आहेत, मूळ टेपवरून पुन्हा केलेले, काळ्या पट्ट्यांसकट. कोणी पाहुणा आला आणि टीव्ही अर्धवट का म्हणाला, तर माझा नंबर द्या. आणि अध्यक्ष महाराज, तो शेरा आज याच माईकवरून मागं घ्या, आणि मॅडमना दोन वर्षांसाठी पुन्हा विचारा. त्या हो म्हणतील की नाही हे त्यांचं त्या बघतील. तुम्ही विचारायला हवं.

सभेनं एवढा वेळ ऐकून घेतलं, आयोजकांनी मला बोलू दिलं, त्याबद्दल आभार मानतो आणि...

थांबा. मॅडम काहीतरी विचारतायत. सांगा, योगिनीताई. नाही, मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू दे.

'तुला हे कधी कळलं?'

डिसेंबरात, मॅडम. आठ महिने झाले. या आठ महिन्यांत तुम्ही मला तीनदा विचारलंत, माझी बोटं आखडलीत का रे? आणि तिन्ही वेळा मी सांगितलं, वय झालं मॅडम, व्हायचंच.

माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. मॅडम, तुम्ही घालू नका.