तळाला बसलेलं कासव

अनुसूयाअक्का : ते सगळं खरं गं सिद्धी, पण ह्यांचं पाणी कुठाय?

सिद्धी : ती काय आई, ती परात.

अनुसूयाअक्का : अय्यो! परातीत काय पोहणार कासव? एवढं मोठं प्राणिसंग्रहालय आणि एक हौद बांधता येईना? दर रविवारी माझ्या लेकाला घरी टाकून इथं येतेस, ती लोकांना हेच दाखवायला होय?

सिद्धी : हेच दाखवायला. पाठीवर चांदण्या दिसतात ना? ही स्टार टॉर्टॉइज. जमिनीवरच राहतात, गवत खातात. पाणी फक्त प्यायला.

अनुसूयाअक्का : आणि पोहायला?

सिद्धी : पोहता येत नाही त्यांना. खोल पाण्यात टाकलं तर बुडून मरतात.

अनुसूयाअक्का : काहीतरीच तुझं. कासव कुठं बुडतं का?

सिद्धी : हे बुडतं. पाय बघा ना, कसे खांबासारखे आहेत. तळ्यातली कासवं वेगळी असतात, त्यांची बोटं पडद्यानं जोडलेली असतात. आई? आई, काय झालं? बसा इथं कट्ट्यावर. ऊन लागलं का?

अनुसूयाअक्का : ह्याच चांदण्या.

सिद्धी : कुठं?

अनुसूयाअक्का : त्याच्या पाठीवर. सकाळी टाकीत सोडलं ना मी त्याला.

सिद्धी : कुणाला? कुठल्या टाकीत?

अनुसूयाअक्का : तुमच्याच. एचएसआर लेआउटच्या नव्या घराच्या, जमिनीखालच्या टाकीत. शुक्रवारी वास्तुशांत ना तुमची? आपल्यात नव्या घराच्या टाकीत कासव सोडतात गं, लक्ष्मी स्थिर राहते म्हणून. रघुनंदनला म्हटलं, सिद्धीला सांगू नको. पुण्याची आहे, हसेल.

सिद्धी : हसले नसते आई, ओरडले असते! ओ गॉड. पाणी किती आहे टाकीत?

अनुसूयाअक्का : घोटाभर. पण गुंडोमामाला तिथं बसवून आलेय. टँकर आला की काठोकाठ भरून घे म्हणाले.

सिद्धी : कधी येणार टँकर?

अनुसूयाअक्का : आता यायचाच.

सिद्धी : उठा. गेटपाशी रुपयाचा फोन आहे, नव्या घरी लावू. उठा ना आई, पळा!

अनुसूयाअक्का : हॅलो? गुंडो? अक्का बोलतेय.

गुंडो : अक्का, आनंदाची बातमी! तळाला बसलं बघ. हलत नाही, डुलत नाही. घर मान्य केलं त्यानं! मी नारळसुद्धा फोडला. आणि टँकरही आलाय, पाइप सोडलाय टाकीत.

अनुसूयाअक्का : बंद कर!

गुंडो : काय?

अनुसूयाअक्का : पाणी बंद कर! आत उतर आणि कासव वर काढ. बुडतंय ते!

गुंडो : कासव बुडतंय? अक्का, तुझी तब्येत बरी आहे ना?

अनुसूयाअक्का : माझी शपथ आहे तुला गुंडो, उतर!

(फोनमधून पाण्याचा आवाज येत राहतो, मग थांबतो. अनुसूयाअक्का रिसिव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून उभी आहे. सिद्धी आणखी एक रुपया टाकते.)

अनुसूयाअक्का : जुन्या घरातलं पहिलंही असंच तळाला बसलं होतं.

सिद्धी : आई, आता नको ते.

अनुसूयाअक्का : मामंजी म्हणाले, तळाला बसलं, घर मान्य केलं. आम्ही टाकीवर फुलं वाहिली. पुढं टाकी धुवायला काढली तर नुसती पाठ मिळाली. मामंजी म्हणाले, देह ठेवला त्यानं. मग दुसरं आणलं. मग तिसरं. त्या पाठी अजून देवघरात आहेत गं. रोज हळदकुंकू लावते मी त्यांना.

सिद्धी : तुम्हाला कुणी सांगितलंच नाही कधी.

अनुसूयाअक्का : मी तरी कुठं विचारलं? बुडवून मारलं आणि वर कुंकू लावलं. शी! माझीच शिसारी येतेय मला.

गुंडो : अक्का! काढलं!

अनुसूयाअक्का : जिवंत आहे?

गुंडो : मान आत ओढलीय. नाकातून पाणी गळतंय. स्वल्प थांब... थांब गं... पाय हलवला! मागचा. आता दुसराही. अक्का, हलतंय!

सिद्धी : द्या आई इकडे. गुंडोमामा, सिद्धी बोलतेय. त्याला कोरड्या टोपलीत ठेवा, सावलीत. आता पाण्याजवळ नेऊ नका. इथल्या डॉक्टरांना विचारून निघतोच आम्ही. अशी कासवं इथं ठेवून घेतात.

गुंडो : सरी, सरी, तसंच करतो. पण अक्काला विचार, मग आता टाकीत सोडायचं काय?

अनुसूयाअक्का : पाणी सोड म्हणावं!

सिद्धी : ठेवला फोन. बसा आता. 

अनुसूयाअक्का : आपल्या भजनातल्या क्षमाच्या वास्तुशांतीला मीच सोडायला लावलं. जयसिंगरावांकडेही. के. आर. पुरमला आपल्या माणसांची जेवढी घरं झाली, तेवढ्या घरी मीच ताट घेऊन पुढं. 'तळाला बसलं हो, भाग्यवान आहेस,' असं म्हणाले मी क्षमाला. आणि आता त्रिविक्रमाच्या नव्या घरासाठी आणूनच ठेवलंय, टोपलीत.

सिद्धी : सांगू या सगळ्यांना. मी येते बरोबर.

अनुसूयाअक्का : सांगून पटेल? मला पटलं असतं? घरात बसून सांगितलं असतंस तर म्हणाले असते, आली मोठी पुण्याची शहाणी.

सिद्धी : मग काय करायचं?

अनुसूयाअक्का : भजनातल्या सगळ्या बायकांना उद्याच इथं आणते. बस करू या. मी तोंडच उघडणार नाही, नुसतं ह्या जाळीपाशी उभं करीन. कुणीतरी विचारेलच, ह्यांचं पाणी कुठाय.

सिद्धी : मी ऑफिसात रजा टाकते. मी सांगेन.

अनुसूयाअक्का : मला सांगितलंस तसंच सांग. आणि सुटे रुपये भरपूर घेऊन ये गं. प्रत्येकीला घरी फोन करावा लागेल.