आधी तबेला, मग घर

(जून २०१७. कॅनडातल्या रेजिनापासून दोन तासांवरचं एक जुनं दगडी रँच-हाउस, आता म्युझियम. निवृत्त मराठी नवरा-बायको; ती इथे नवी गाइड. तालीम चालू.)

नीलिमा : मध्ये मध्ये बोलायचं नाही. उद्या माझी पहिली टूर आहे. आत्ता तुम्ही नवरा नाही, टूरिस्ट.

रविकांत : एक्सक्यूज मी मॅडम, वॉशरूम कुठेय?

नीलिमा : अहो!

रविकांत : दोन तास ड्राइव्ह करून आलेला माणूस पहिलं हेच विचारणार.

नीलिमा : मागे, उजवीकडे. तर, या माळावर आधी इथले मूळचे क्री लोक होते. मग जेम्स मॅकरे गुरं घेऊन आला. आल्या आल्या त्यानं दगडी तबेला बांधला. बायको-मुलं मातीच्या खोपटात! पावसात मार्गारेटबाई चुलीवर छत्री धरून स्वयंपाक करायच्या.

रविकांत : मार्गारेटबाई?

नीलिमा : उद्या मिसेस मॅकरे म्हणेन हो. एक दिवस बाईंचं डोकं फिरलं. पोरं घेतली, भांडीकुंडी घेतली आणि तबेल्यात राहायला गेल्या. घोडे बाहेर!

रविकांत : आणि नवरा?

नीलिमा : घोड्यांबरोबर. बर्फ पडायच्या आत हे घर उभं राहिलं.

रविकांत : फारच रंगून सांगतेस.

नीलिमा : सांगणारच. मला बेसमेंटमध्ये ठेवून आधी गाडी कुणी घेतली? वर तिच्यासाठी भाड्यानं गराज!

रविकांत : गंजली असती गं ती.

नीलिमा : आणि मी?

रविकांत : मॅडम, यू नो सो मच! आर यू फॅमिली?

नीलिमा : हाच प्रश्न. ट्रेनिंगला एक गोरे आजोबा हसत म्हणाले, आमची हिस्टरी तुमच्या तोंडून ऐकायची म्हणजे गंमतच. लागलं हो मला. इतके दिवस मन लावून पाठ केलं सगळं. जाऊ दे. उद्या येत नाही म्हणून कळवते.

रविकांत : थांब. हे मॅकरे गेले कधी?

नीलिमा : एकोणीसशे सातला. त्या विंटरमध्ये निम्मी गुरं मेली. थंडी सोसेना, म्हणून सगळं विकून समुद्रकाठी, उबदार व्हिक्टोरियाला गेले.

रविकांत : म्हणजे इथे किती वर्षं?

नीलिमा : बावीस-तेवीस.

रविकांत : आणि आपण?

नीलिमा : आपण एकाहत्तरला आलो, म्हणजे... शेहेचाळीस! अगंबाई! अहो, मग ते तर पाहुणेच की.